फ्लॅटमधलं बोन्साय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरी घरांसाठी आहेत. गच्ची नाही, अंगण नाही, एखादी खिडकी किंवा फार तर चिंचोळी बाल्कनी आहे आणि तरीही झाड हवं आहे, अशांसाठी. बोन्सायवरची बरीचशी पुस्तकं आणि व्हिडिओ जपान, युरोप नाही तर अमेरिकेतल्या हवेचा विचार करून केलेले असतात. ते सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लावले की झाडं मरतात, म्हणून इथे आपल्या उन्हापावसाचाच विचार केला आहे.

बोन्साय घरात खरंच जगतं का?

खिडकीत जगतं. टीपॉयवर, टीव्हीशेजारी किंवा ऑफिसच्या टेबलावर जगत नाही, फक्त मरायला वेळ लावतं. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नसते. वड, चिंच, बोगनवेल अशा साध्या झाडांनाच छाटून आणि मुळं आवरून लहान ठेवलेलं असतं. त्यांची उन्हाची गरज मोठ्या झाडाएवढीच राहते.

आपल्या डोळ्यांना खोलीतला अंधार कळत नाही, कारण बाहुली लगेच मोठी होते. मोबाइलवर प्रकाश मोजणारं एखादं ॲप घ्या आणि घरभर फिरा. बाहेर भर उन्हात आकडा एक लाख लक्सच्या आसपास जातो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर तो काही हजारांवर येतो आणि खोलीत दोन मीटर आत गेलात की काहीशेच उरतो. फिकट, लांबलचक फांद्या, फांदीवर दूर दूर आलेली पानं आणि सतत होणारी पानगळ यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र खत बदलत बसतात.

म्हणून झाड घेण्याआधी आठवडाभर नुसती खिडकी बघा. ऊन किती वाजता येतं, कुठवर येतं, समोरच्या इमारतीमागे कधी जातं, हे लिहून ठेवा. रोज तीन-चार तास थेट ऊन मिळत असेल तर वडाच्या कुळातली बहुतेक झाडं तिथे नांदतील.

कोणत्या दिशेची खिडकी चांगली?

परदेशी पुस्तकं एकमुखाने दक्षिण म्हणतात. लंडन किंवा न्यूयॉर्कसाठी ते बरोबर आहे, तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो. आपला सगळा महाराष्ट्र मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. नागपुरात हा काळ मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि जुलैच्या मध्यानंतर संपतो.

यामुळे दक्षिणेच्या खिडकीत जून महिन्यात थेट ऊन येतच नाही. आकाशात ढग नसले तरीही नाही. तीच खिडकी डिसेंबरात सोन्यासारखी असते, कारण तेव्हा दुपारचा सूर्यही मुंबईत क्षितिजापासून साधारण 47 अंशांवरच असतो आणि ऊन खोलीत खोलवर शिरतं. उत्तरेच्या खिडकीचं नेमकं उलटं. तिथे एप्रिल ते ऑगस्ट सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि हिवाळ्यात काहीच नाही.

पूर्वेची खिडकी मिळाली तर डोळे झाकून ती निवडा. वर्षभर सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली हे छोट्या ट्रेमधल्या, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीतल्या, मुळांना सर्वांत मानवतं. पश्चिमेची चालते, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी ट्रे इतका तापतो की मुळं भाजतात. तिथे हिरवी शेडनेट किंवा निदान पातळ पांढरा पडदा लावावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यात तर शेडनेटशिवाय उन्हाळा काढूच नका.

दोन दिशांना खिडक्या असतील तर झाडं ऋतूप्रमाणे हलवा. फक्त नांदरूक आणि बेंजामिना ही वडाच्या कुळातली झाडं जागा बदलली की रुसून पानं गाळतात. त्यांना महिन्या-दोन महिन्यांत नवी पालवी येते. पानं गळताहेत म्हणून पाणी वाढवू नका, पानं कमी झाली की झाडाला पाणीही कमीच लागतं.

ऊन अजिबात येत नाही. दिव्यावर होईल का?

होतं, पण दिवा झाडाच्या अगदी जवळ हवा. चांगला पांढरा एलईडी ग्रो लाइट पानांपासून वीत-दीड वीत अंतरावर आणि रोज 12 ते 14 तास, टायमर लावून. छतावरच्या ट्यूबलाइटचा उपयोग नाही. दिव्याखालचं झाड जगतं, फुटतं, आकारही धरतं, मात्र खोड जाड होण्याची गती फारच मंद राहते. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे सूर्यदर्शन होत नाही तेव्हा खिडकीतल्या झाडांनाही असा दिवा जोडीला दिला तर फरक दिसतो.

पहिलं झाड कोणतं घ्यावं?

नांदरूक. वडाच्या कुळातलं हे झाड कमी उजेड, चुकलेलं पाणी, चुकलेली छाटणी, सगळं सोसतं. पानं मुळातच लहान, त्यामुळे छोट्या झाडात प्रमाण चांगलं साधतं. नर्सरीत ‘फायकस’ म्हणून मागा. बटाट्यासारख्या फुगीर मुळांचं, ‘जिन्सेंग’ नावाने भेट म्हणून मिळतं तेही नांदरूकच. बहुधा फुगीर मुळांवर लहान पानांच्या जातीचं कलम केलेलं असतं. त्यातून वडाचा घेर येणं अवघड, पण पाणी आणि छाटणी शिकायला ते उत्तम.

दुसरा पर्याय बारीक पानांचं जेड. आपल्याकडे दोन वेगळ्या झाडांना जेड म्हणतात. नखाएवढ्या गोल पानांचं आणि तांबूस खोडाचं असतं ते बोन्सायसाठी घ्या. जाड, मोठ्या पानांच्या जेडला फांद्यांचा विस्तार तितका सुरेख येत नाही. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची आणि पानांत पाणी साठवणारी. प्रवासात असणाऱ्यांना जेड बरं. मात्र पावसाच्या थेट माऱ्यात ते सडतं.

कुंती फार सुंदर दिसते, घरभर सुगंध येतो, पण तिला ऊन भरपूर लागतं. बोगनवेल ऊन कमी पडलं की फुलत नाही. चिंच बीपासून करता येते, रात्री तिची पानं मिटताना पाहायला मुलांना आवडतं, मात्र खोड भरायला बरीच वर्षं जातात. उंबर लवकर वाढतो, पण त्याची पानं मोठी.

जुनिपर आणि पाइन मात्र आणू नका. ही झाडं थंडीत विश्रांती घेणारी आहेत. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ती विश्रांती त्यांना मिळत नाही. शिवाय जुनिपर मेल्यानंतरही काही आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे घेणाऱ्याला आपलं काय चुकलं हेच उमगत नाही. परदेशात, थंडी पडणाऱ्या शहरांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र जुनिपर खुशाल बाहेरच्या बाल्कनीत ठेवावं. त्यांचं नांदरूक थंडीच्या दिवसांत घरात, दक्षिणेच्या काचेजवळ आणि हीटरपासून लांब हवं.

इमारतीच्या भिंतीत उगवलेला वड-पिंपळ काढून लावता येईल का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण शहरात याहून चांगलं बोन्सायचं झाड विकतही मिळत नाही. पक्षी वड-पिंपळाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी पाइपच्या सांध्यात, छज्जाच्या भेगेत पडतं. तिथे माती नसल्यासारखीच, त्यामुळे झाड वर्षानुवर्षं हातभर उंचीचंच राहतं आणि खोड मात्र म्हातारं दिसू लागतं. मुळं विटेला चिकटून चपटी झालेली असतात. ते रूप कुंडीत घडवायला माणसाला दहा वर्षं लागतील. सोसायटीलाही ते झाड काढून हवंच असतं, नाहीतर भिंत फुटते.

हात सहज पोचेल तिथलंच काढा, ग्रिलबाहेर लटकून नाही. जूनमध्ये दोन-चार पाऊस झाले की काढायचं. भेगेतलं मूळ पूर्ण येत नाही. जेवढं येईल तेवढं घ्या, तुटलेलं टोक धारदार कात्रीने साफ कापा, बरीचशी पानं काढून टाका आणि लगेच लावा. ट्रेमध्ये नाही, साध्या खोल कुंडीत, विटांचे तुकडे आणि जाड वाळूत. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला आणि सावलीत ठेवा. नवी पालवी दिसली की पिशवीला भोकं पाडत पाडत महिन्याभरात ती काढा. पहिलं वर्षभर आकाराचा विचारही करू नका.

वड की पिंपळ असं निवडता आलं तर वड घ्या. पिंपळाची पानं लहान करणं फार कठीण जातं.

पिंपळ घरात ठेवू नये, बोन्साय वास्तूला चांगलं नसतं, असं म्हणतात.

झाडाच्या आरोग्याशी याचा संबंध नाही. पण घरातल्या मोठ्यांच्या मनाला टोचत असेल तर तो मान ठेवायला हवा. नांदरुकाबद्दल सहसा कोणाची हरकत नसते.

झाडाला असं खुजं ठेवणं म्हणजे छळच ना?

मनापासून विचारलेला प्रश्न आहे आणि उत्तरही सरळ द्यायला हवं. मुळं आणि शेंडे कापल्यावर निरोगी झाड जोमाने फुटतं. गुरांनी खाल्लेलं, वाऱ्याने मोडलेलं झाड माळरानावर हेच करतं. नीट सांभाळलेलं बोन्साय जमिनीवरच्या आपल्या भावंडांपेक्षाही जास्त जगू शकतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पांढरा पाइन आहे. तो 1625 पासून कुंडीत वाढवला जातोय. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाचं हे झाड 1945 च्या अणुबॉम्बमधून वाचलं आणि 1976 मध्ये त्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. छळ होतो तो अंधारात ठेवलेल्या, आठवड्यातून एकदा आठवण येणाऱ्या झाडाचा. तेवढा वेळ देता येणार नसेल तर बोन्साय न घेणं हेच झाडाच्या भल्याचं आहे.

पाणी रोज घालायचं का?

घड्याळ बघून घालायचं नाही, माती बघून घालायचं. रोज कपभर पाणी घालण्याच्या सवयीने जेवढी झाडं जातात तेवढी किडीने जात नसतील. कपभर पाण्याने वरचा थर ओला दिसतो आणि खालची मुळं कोरडी राहतात, किंवा खाली निचरा नसेल तर तळाशी डबकं साचून ती कुजतात.

खराट्याचा हीर किंवा अगरबत्तीची उरलेली काडी मातीत दोन बोटं खोल खुपसून ठेवा. दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर, गडद आली तर थांबा. जवळजवळ कोरडी आली तर पाणी द्या, आणि दिलं की भरपूर द्या, भोकांतून वाहून जाईपर्यंत. दोन मिनिटांनी पुन्हा एकदा. माती फारच सुकली असेल तर अख्खा ट्रे टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

मे महिन्यात उथळ ट्रेला दिवसातून दोनदा पाणी लागू शकतं. त्याच ट्रेला जुलैत मुंबईच्या दमट हवेत तीन-चार दिवस लागत नाही. जेडची माती पूर्ण सुकू द्यायची आणि मगच पाणी घालायचं. टँकर किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खार चढते. अशा घरांत पावसाचं पाणी धरून ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी तेच घाला.

ट्रेखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. ताटली आठवड्यातून दोनदा रिकामी करून घासून घ्या. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गेलं की भांडण ठरलेलं, त्यामुळे ग्रिलमधल्या झाडांना पाणी मोरीत नेऊन घालावं.

माती कोणती?

बागेतली माती नको. उथळ ट्रेमध्ये तिचा गोळा होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. बोन्सायसाठी वापरली जाणारी जपानी दाणेदार माती, अकादामा, आपल्याकडे महाग पडते आणि तिची गरजही नाही. भाजलेल्या विटांचे तुकडे तिचं काम चोख करतात. बांधकामावरच्या फुटक्या विटा आणा, सिमेंट लागलेल्या नकोत. हातोडीने फोडा आणि दोन चाळण्यांतून चाळा. ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे तुकडे ठेवायचे, बारीक पूड फेकून द्यायची. पूड काढण्याचा कंटाळा करू नका, निचरा तीच बंद करते.

वडाच्या कुळासाठी असे दोन भाग विटा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. कोकणात आणि मुंबईत शेणखत निम्मं करा, सोलापूर-अकोल्याकडे थोडं कोकोपीट वाढवा. जेडला शेणखत नावापुरतं.

भेट मिळालेल्या तयार बोन्सायमध्ये वरचे खडे कधी कधी डिंकाने चिकटवलेले असतात. ते त्याच दिवशी उचकटून काढा, नाहीतर पाणी आत शिरणारच नाही.

कुंडी कधी बदलायची आणि मुळं किती कापायची?

वड, नांदरूक, उंबर यांच्यासाठी दोन वेळा चांगल्या. एक फेब्रुवारी-मार्च, नवी पालवी फुटण्याच्या तोंडावर. दुसरी पाऊस स्थिरावल्यावर. फ्लॅटमध्ये मला पावसाळ्याची वेळ जास्त भरवशाची वाटते, हवेत दमटपणा असतो आणि कापलेली मुळं सुकत नाहीत. मे महिन्यात आणि कडाक्याच्या थंडीत हात लावू नका.

दर दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढा. मुळांचं वेटोळं काडीने सोडवा आणि साधारण एक तृतीयांश मुळं कापा. खाली जाणारं जाड मूळ आधी कापायचं, आडवी पसरणारी बारीक मुळं जपायची. पुढे खोडाच्या पायथ्याशी दिसणारा सुंदर पसारा याच मुळांचा होतो. भोकांवर जाळी, तिच्यातून तार, तारेने झाड ट्रेला घट्ट बांधायचं. डगमगणाऱ्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात. नंतर दोन-तीन आठवडे सावली, आणि खत महिनाभर बंद.

खोड जाड होतच नाही. काय करू?

ट्रेमधून काढा. छोट्या ट्रेमध्ये खोड जाड होत नाही. आधी मोठी कुंडी, भरपूर खत आणि वाढू दिलेल्या लांब फांद्या, मग छाटणी आणि सर्वांत शेवटी ट्रे, हाच क्रम आहे. ट्रे आधी आणला की झाड आहे त्याच जाडीवर थबकतं. फ्लॅटमध्ये मोठ्या कुंडीला जागा नसते, त्यामुळे माझा सल्ला असा की रोपटं न घेता नर्सरीतून जाड खोडाचं, दुर्लक्षित, वेडंवाकडं वाढलेलं झाड घ्या. ते तयार बोन्सायपेक्षा बरंच स्वस्त पडतं. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांच्या रांगा आहेत, तिथे मागच्या कोपऱ्यातली झाडं बघायची.

पारंब्या हव्या असतील तर दमट हवा हवी. पावसाळ्यात फांदीवर कोवळी पारंबी दिसली की तिला प्लास्टिकच्या उभ्या चिरलेल्या स्ट्रॉमध्ये घालून खाली मातीपर्यंत पोचवा. मातीत रुजली की ती भराभर जाड होते.

तार कशी गुंडाळायची?

अॅल्युमिनियमची मऊ तार घ्या, जाडी फांदीच्या एक तृतीयांश. साधारण 45 अंशांत गुंडाळा, हलक्या हाताने वाकवा. पाणी घालायच्या आदल्या दिवशी फांदी जरा लवचीक असते. नांदरुकाच्या फांद्या दोन-तीन महिन्यांत वळण धरतात. पावसाळ्यात फांदी इतकी वेगाने फुगते की तार रुतून कायमचे वळ उठतात, तेव्हा दर पंधरवड्याला तपासा. तार काढताना उलगडू नका, तुकडे करून कापून काढा. जेडच्या फांद्या कटकन मोडतात, त्यांना तारेपेक्षा छाटणीनेच वळण द्यावं.

वडाच्या कुळातल्या झाडांचा चीक हाताला लागला तर खाज सुटू शकते. मांजर-कुत्रं पानं चघळत असेल तर झाड उंचावर हवं.

खत आणि कीड?

पाण्यात विरघळणारं, नत्र-स्फुरद-पालाश सारख्या प्रमाणात असलेलं 19:19:19 खत, लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीत. पेंड भिजवून घातलेली उत्तम, पण बंद घरात तिचा वास सहन होत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. हिवाळा संपताना फार येतो. दोन-चार असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, आठ दिवसांच्या अंतराने तीनदा. नांदरुकाची पानं मधोमध दुमडली असतील तर आत काळे फुलकिडे असतात. अशी पानं तोडून पिशवीत बांधून फेकायची, फवारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. एसीच्या झोतात ठेवलेल्या झाडावर लाल कोळी हमखास येतो.

गणपतीला आठ दिवस गावी जातो. झाडांचं काय?

त्या दिवसांत हवा दमट असते, त्यामुळे फार काळजी नाही. निघताना ट्रे टबात बुडवून भिजवा, उन्हापासून थोडं आत घ्या. आणखी खात्री हवी असेल तर पाण्याच्या बादलीतून सुती दोरी ट्रेच्या मातीत खोचा आणि बादलीचं तोंड कापडाने बांधा. जेडला काहीच करू नका. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र या युक्त्या पुरत नाहीत. तेव्हा शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची, आणि जाण्याआधी त्यांना काडीची परीक्षा एकदा करून दाखवायची.

चांगली बोन्साय प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळतील?

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस भरतं. मुंबईत राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शनही साधारण त्याच सुमारास असतं. गर्दी नसताना, सकाळी उघडल्या उघडल्या जा. झाड समोरून बघून झालं की खाली वाकून पायथ्याची मुळं बघा, पहिली फांदी कुठे फुटली आहे ते बघा, ट्रेच्या कडेची माती कसली आहे ते बघा. झाडांपाशी त्यांना वाढवणारी माणसं उभी असतात, विचारलं तर ती आनंदाने सांगतात. खोड किती वर्षं मोठ्या कुंडीत होतं, हे आधी विचारा.